घरी कोणीच नसतं

ढब्बूने घर डोक्यावर घेतलं होतं. नवरा-बायको कामावर निघाले, दार बंद झालं की हा पठ्ठ्या असा गळा काढायचा की खालच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी शेवटी बजावलं, महिनाअखेरपर्यंत कुत्रा गप्प झाला नाही तर नोटीस येईल. नवऱ्याने लगेच हात वर केले. नाहीच जमलं तर मित्राच्या गोदामावर राखणीला देऊन टाकू, म्हणाला. ते अण्णांच्या कानावर पडलं.

अण्णा म्हणजे या नवऱ्याचे वडील. बायको गेल्यावर इथे राहायला आलेले. जन्मभर बसस्थानकावर घोषणा केल्या, यांनी सांगितल्याशिवाय तिथून एक गाडी हलली नाही. आणि आता घरातली माणसं कधी बाहेर पडली, याचा त्यांना पत्ता लागायचा नाही. अण्णा समोर आले की आनंदाने उठून उभा राहणारा जीव घरात एकच, आणि त्याला निघाले होते गोदामात धाडायला.

तर एके दिवशी कुत्र्यांचे समुपदेशक आले. हो, असतात. फी विचारू नका.

"दिवसभर घरी कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"कोणीच नसतं," सून म्हणाली.

समुपदेशकांनी समोरच्या खुर्चीत चहा पीत बसलेल्या अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी कपात पाहिलं.

"हे अण्णा. हे असतात, पण आपल्या खोलीत. दार लावून," सुनेने खुलासा केला. दार लावायचा हुकूम तिचाच. ढब्बू आत शिरला की गादीवर केस पडतात ना.

"याला सेपरेशन अँग्झायटी आहे. ताटातुटीची धास्ती," समुपदेशक म्हणाले. मग उपाय सांगितले. जाताना निरोप घ्यायचा नाही. गुपचूप सटकायचं. परत आल्यावर दहा मिनिटं त्याच्याकडे बघायचंही नाही. हळूहळू सवय होते, मग तो काही अपेक्षाच ठेवत नाही.

अण्णा मनात म्हणाले, अरेच्चा, हा कोर्स तर माझा कधीच पूर्ण झालाय.

हॉलमध्ये कपाटावर कॅमेरा बसला. दुसऱ्या दिवशी दोघं चोरासारखे सटकले आणि ढब्बूने सूर लावला. अण्णा खोलीत येरझाऱ्या घालू लागले. बाहेर गेलो तर कॅमेऱ्यात दिसणार, नाही गेलो तर कुत्रा जाणार. शेवटी त्यांनी दार किलकिलं केलं आणि भिंतीला चिकटत चिकटत, या वयात, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली जाऊन फरशीवर बसकण मारली. तिथलं कॅमेऱ्याला दिसत नव्हतं. ढब्बू आला, त्यांच्या पायाजवळ आडवा झाला आणि घोरायला लागला. कॅमेऱ्यात दिसत होती ती फक्त शेपटी, अगदी निवांत.

मग काय विचारता! समुपदेशकांनी त्या शेपटीचा व्हिडिओ सगळीकडे मिरवला. वकीलबाई जिन्यात हसून बोलल्या. अण्णांचा जीव भांड्यात पडला. गुडघे धरायचे, पण हूं की चूं केलं नाही.

एका रविवारी सून गोड आवाजात म्हणाली, "अण्णा, ढब्बू आता छान एकटा राहतो. आता तुम्हीही ताईंकडे राहून या ना थोडे दिवस. तेवढ्यात तुमची खोली रंगवून घेऊ. मला तिथे ऑफिसचं टेबल टाकायचंच आहे."

टेबल आलं म्हणजे पलंग जाणार, एवढं अण्णांना कळत होतं. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला होता. बोलणार कोणत्या तोंडाने?

ताईकडे, म्हणजे अण्णांच्या लेकीकडे, तिघं निघाले त्या सकाळी नियमाप्रमाणे कोणीच ढब्बूचा निरोप घेतला नाही. अण्णांनीही नाही. पण गाडी चौकात पोचते न पोचते तोच सुनेच्या फोनमधून तेच जुनं रडणं ऐकू आलं. कॅमेऱ्यात ढब्बू दिसत नव्हता. आवाज अगदी जवळून, कॅमेऱ्याच्या बरोबर खालून येत होता. मग तो क्षणभर समोर आला. तोंडात अण्णांची घरातली चप्पल होती. ती घेऊन पुन्हा कॅमेऱ्याखाली गेला.

"तिथे काय आहे त्याचं?" मुलगा म्हणाला.

"मी बसायचो तिथे," अण्णा मागच्या सीटवरून म्हणाले. "रोज."

मुलाने गाडी कडेला घेतली. सुनेने समुपदेशकांना फोन लावला. ते म्हणाले, पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. "दिवसभर घरी कोण असतं?"

"कोणीच न..." सुनेने सुरुवात केली.

"आमचे वडील असतात," मुलगा म्हणाला.

"असतात? मग कुत्रा एकटा कुठे आहे?"

मुलाने गाडी वळवली.

दार उघडताच ढब्बू अंगावर झेपावला. "दहा मिनिटं लक्ष द्यायचं नाही हं," सून सवयीने बोलून गेली. अण्णांनी ऐकलं नाही. ते तिथेच उंबऱ्यापाशी बसले आणि त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"न सांगता गेलो रे तुला," ते म्हणाले. "फार वाईट वाटतं ना? ठाऊक आहे मला."

मागे मुलगा एका पायातला बूट काढून तसाच उभा राहिला.