उभ्या गाडीची केबल

चिमीचं वय एकेचाळीस आणि उंची जवळजवळ पावणेसहा फूट. तरी नाव चिमीच राहिलं, कारण ते अण्णांनी ठेवलेलं होतं आणि अण्णांनी एकदा घट्ट केलेली गोष्ट सैल करायची त्या घरात कुणाची छाती नव्हती.

अण्णा, म्हणजे तिचे वडील, पस्तीस वर्षं मोटरसायकलींचे मिस्त्री होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. उरले तीन शब्द: "हो", "नको" आणि "च्यायला". पहिले दोन घशातून ओढून काढावे लागत. तिसरा मात्र लख्ख यायचा, अगदी पूर्वीच्या ठसक्यात. पुढे सांभाळायला येऊ लागलेल्या बाई सुरुवातीला दचकायच्या, मग सरावल्या.

तळमजल्यावरच्या दोन खोल्या, बाजूला एक अरुंद बोळ. बोळात गाडी. ती अण्णांनीच दोन मोडक्या गाड्यांमधून जुळवलेली, तीस वर्षांची जुनी. अण्णांची कॉट बोळाकडच्या बिनगजाच्या खिडकीला लागून होती. गाडी भिंतीला खेटून उभी करावी लागे, म्हणजे तिचं डावं हँडल आणि पेट्रोलची टाकी बरोब्बर खिडकीच्या चौकटीत येई. दिवसभर अण्णांपुढे तेवढंच दृश्य.

झटक्यानंतर चिमीनं प्रयोगशाळेतली नोकरी सोडली होती. धाकटा भाऊ दूर होता आणि फोनवर फार प्रेमळ होता. दोन वर्षं तिनं अण्णांना उचललं, पुसलं, भरवलं. मग अडतीस किलोमीटरवरच्या एका पाणी तपासणी प्रयोगशाळेत जागा निघाली आणि तिनं अर्ज केला, कुणाला न सांगता. झालं काम. तीन महिने आधी उमेदवारीवर, मग कायम. बस पहाटे एकच, तेव्हा बाई आलेल्या नसत. राहिली गाडी.

पहिला आठवडा झकास गेला. दुसऱ्या आठवड्यात बारा किलोमीटरवर, चढ सुरू होतो तिथे, इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. तिनं टाकीचं झाकण उघडून पाहिलं. पेट्रोल भरपूर. झाकण लावलं, किक मारली, गाडी सुरू. पुढे दहा-बारा किलोमीटरनं पुन्हा तेच. वर गिअरनं असहकार पुकारलेला. दुसऱ्यातून तिसरा पडेना, पडला तर दणका देऊन. गाडी थांबवली की न्यूट्रल काही केल्या सापडेना. मागून हॉर्नचा गोंगाट.

चाळीस मिनिटं उशीर झाला. प्रयोगशाळेच्या मुख्य मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

"गाडी बंद पडली, मॅडम."

"हं."

चौथ्या वेळी त्या बोलल्या. "गाडी बंद पडली, हे कारण कॉलेजातल्या पोरांना शोभतं. आणखी एकदा झालं, तर मला वर लिहून कळवावं लागेल."

बरं, उशिरा पोचलेला माणूस उशिरापर्यंत थांबावा, तर तीही सोय नाही. बाई सहाच्या ठोक्याला पर्स खांद्याला लावत. सकाळी एक घड्याळ मागे लागलेलं, संध्याकाळी दुसरं. मधल्या वेळात चिमी पाण्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची आणि मनात गाडी उघडायची.

ती गुंडूदादाकडे गेली होतीच. गुंडूदादा अण्णांचा शागीर्द, आता स्वतः पन्नाशीचा, हमरस्त्यावर त्याचं गॅरेज. त्यानं प्लग बदलला, कार्बोरेटर उतरवून धुतला, क्लचची केबल नीट केली. दोन किलोमीटर फिरवली. लोणी. दुसऱ्या दिवशी चढाला पुन्हा रामराम. त्यानं पेट्रोलची नळी बदलली, केबल पुन्हा आवळली. चार दिवसांनी तेच.

"चिमे, विकून टाक ही," तो म्हणाला.

"आणि अण्णांना काय सांगू?"

तो डोकं खाजवत राहिला. मग म्हणाला, "दोन किलोमीटर फिरवून मी मूर्खपणा करतोय. बाराव्या किलोमीटरला बंद पडते ना? मग बारा किलोमीटर जाऊ. रविवारी."

रविवारी बाई दोन तास येत. चिमी पुढे, गुंडूदादा मागे, असे दोघं निघाले. चढाला गाडी खोकली आणि मेली.

"मी हात लावणार नाही," तो उतरून म्हणाला. "तू रोज काय करतेस तेच कर."

तिनं झाकण फिरवून उघडलं. बारीक 'सुस्स' झालं.

"हा आवाज रोज येतो?"

"येत असेल. मी पेट्रोल बघते, आवाज कोण ऐकतं?"

त्यानं झाकण उलटं करून उन्हात धरलं. खिशातून तार काढून मधल्या बारीक भोकात खुपसली. तारेच्या टोकाला पांढरट काहीतरी चिकटून आलं. त्यानं ते नखावर घेऊन दाबून पाहिलं. मेण.

"पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत यायला हवी," तो म्हणाला. "ती या भोकातून येते. भोक बुजवलं की इंजिन थोडा वेळ पळतं आणि मग तहानेनं जातं. तू झाकण उघडतेस, हवा आत, पुन्हा सुरू. वाटतं, गाडीला वेड लागलंय." तो हसायला लागला. "अगं, हीच खोड अण्णांनी मला लावली होती! शिकवायचे तेव्हा मुद्दाम बिघाड करून ठेवायचे. शोध म्हणायचे संध्याकाळपर्यंत. मी तीन तास कार्बोरेटर..."

तो हसायचा थांबला. क्लचच्या दांड्यापाशी वाकला. केबल ताणायचा स्क्रू आत गेलेला होता, वरचा नट मोकळा.

"हा मी बुधवारी पान्यानं आवळला होता," तो हळू म्हणाला. "चालवून केबल ताणून सैल होते, पण स्क्रू आत जात नाही. उभ्या गाडीची केबल कुणीतरी हातानं सैल केलीय, चिमे."

तिला उत्तर माहीत होतं. अण्णांचा डावा हात धड होता. खिडकीत, वीज गेली तर असावी म्हणून, मेणबत्ती ठेवलेली असे. आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते पक्कड-पान्याशिवाय नुसत्या बोटांनी नट सोडवून दाखवायचे, पैजेवर.

"मी येऊ का घरी?" गुंडूदादानं विचारलं.

"नको."

घरी पोचल्यावर तिनं बाईंना जायला सांगितलं. मग कॉटपाशी खुर्ची ओढून बसली आणि मेणाचा तुकडा तळहातावर ठेवून अण्णांच्या पुढे धरला.

"हे तुम्ही केलंत?"

अण्णा तुकड्याकडे बघत राहिले. गालाचा चांगला अर्धा भाग हलला.

"च्यायला," ते म्हणाले.

"च्यायला काय, अण्णा? माझी नोकरी जाणार होती. भर चढावर ट्रकवाले शिव्या देऊन जायचे. मला वाटायचं, मलाच गाडी जमत नाही. दोन वर्षं मी कुठे गेले होते? सांगा ना, दाराबाहेर तरी?" तिचा आवाज चढला, शेजारचा रेडिओ कुणीतरी बारीक केला. तिनं श्वास घेतला. "मला अडवायला केलंत?"

 अण्णांच्या मानेच्या शिरा ताणल्या गेल्या.

"हो."

ती उठलीच होती. पण अण्णांनी डाव्या हातानं तिची ओढणी पकडली. तोंड उघडून ते नुसतेच धापा टाकत राहिले. ती पुन्हा बसली आणि दुसरा प्रश्न विचारला, जो तिला वाटेत पाठ झाला होता.

"की मी शोधून काढते का, ते बघायला?"

"हो," अण्णा म्हणाले. हा 'हो' पहिल्यापेक्षा लवकर आला.

दोन्ही खरं होतं. एकच खरं असतं, तर तिला रागवायला किंवा रडायला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं गाडी बाहेर रस्त्यावर लावायला सुरुवात केली. ती साडेनऊच्या आत प्रयोगशाळेत पोचू लागली. मॅडम काही बोलल्या नाहीत, हीच शाबासकी. इकडे बाई रोज सांगत, "भिंतीकडे तोंड करून पडतात. चार घास खातात न खातात. खिडकी लावून घ्या म्हणून हात दाखवतात."

"लावा मग," चिमी म्हणायची.

सातव्या दिवशी ती प्रयोगशाळेतून निघाली. गाडी तुपासारखी चालत होती, चौथा गिअर बोटानं टाकावा तसा पडला. फाट्यावर डावीकडे वळायचं होतं. ती वळली नाही. तिनं ठरवलं वगैरे काही नव्हतं. सरळ रस्ता समोर होता आणि गाडी कुठेच अडत नव्हती. पाच किलोमीटर, दहा किलोमीटर. अनोळखी दुकानं, एक पूल, एक पेट्रोल पंप. पंपावर तिनं गाडी थांबवली. टाकी अर्धी भरलेली होती, तरी थांबवली. पंपावरच्या माणसानं विचारलं, "कुठं निघालात?" तिला सांगता येईना. तिच्याजवळ डब्याची रिकामी पिशवी होती आणि हातातल्या घड्याळात साडेपाच वाजले होते. पंपावरच्या खांबाला टेकून ती थोडा वेळ उभी राहिली. मग गाडी वळवली.

घरी पोचायला सात झाले. बाई दारातच पर्स घेऊन उभ्या. "माझंही घर आहे, ताई. एक तास खोळंबलेय. उद्यापासून दुसरी बघा."

चिमीनं माफी मागितली, हातापाया पडायचीच काय ती बाकी ठेवली. बाई कशाबशा राजी झाल्या. आत अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांचे डोळे उघडे होते. ती परत आलीय हे कळूनही ते वळले नाहीत. मग त्यांच्या पाठीवरून एक थरथर गेली आणि तिला कळलं, तो एक तास या खोलीत कसा गेला असेल.

आठव्या दिवशी तिनं गाडी पुन्हा बोळात आणली, डावं हँडल खिडकीत येईल अशी. खिडकी उघडली. अण्णांना उशी देऊन बसवलं.

आता ती अर्धा तास लवकर उठते. चहा व्हायच्या आत टाकीचं झाकण बघते, क्लच दाबून बघते, प्लगची टोपी चाचपते. कधी काही असतं, कधी नसतं. अण्णा खिडकीतून बघत असतात आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत. एकदा पेट्रोलच्या कॉकच्या दांडीखाली कापसाचा बोळा सापडला, तेव्हा तिला हसू आलं आणि स्वतःचंच नवल वाटलं.

तीन महिने संपले, नोकरी कायम झाली. त्यानंतर तिला एकदाच उशीर झाला. त्या सकाळी तिनं झाकण बघितलं, केबल, प्लग, नळी, चेन सगळं बघितलं. काहीतरी असणारच म्हणून कार्बोरेटरची वाटीसुद्धा उतरवली. गाडीत काहीही बिघडलेलं नव्हतं, शोधण्यातच निघायची वेळ टळली. प्रयोगशाळेच्या वहीत उशिराच्या रकान्यात तिनं वेळ लिहिली आणि कारणाचा रकाना कोरा सोडला.