दाराच्या आतले रूळ

मित्रांनो, इंजिन म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे वेग येतो, पूल येतात, मागे पळणारी झाडे येतात. मी एक जुने डिझेल इंजिन आहे आणि माझ्या आयुष्याची कितीतरी वर्षे मी एका खोलीत काढली. खोलीला तीन भिंती होत्या, छपराला एक मळकी काच होती आणि समोर भले मोठे दार होते. दार दिवसभर उघडेच असायचे. तरी मला बाहेर जाता येत नव्हते. तुम्हाला वाटेल मी थापा मारत आहे. तिथे उभे राहून मलाही तसेच वाटायचे.

आम्ही एकाच आराखड्यावरून, एकाच कारखान्यात जन्मलेली भावंडे. सगळ्यांचे नाक सारखे, रंग सारखा, आणि डाव्या खिडकीचा खटका सगळ्यांचाच घट्ट. आराखडा काढणाऱ्याने तो खटका एकदाच चुकवला. आम्ही सर्वांनी तो जन्मभर चालवून घेतला. लोकांना वाटते, डिझेलने माझी चाके फिरतात. तसे नाही. डिझेल पिऊन माझ्या पोटातले यंत्र फिरते, ते वीज तयार करते आणि त्या विजेवर चाकांजवळच्या मोटारी फिरतात. म्हणजे मी स्वतःचे वीजघर पोटात घेऊन हिंडते. एवढा खटाटोप का, असे मला विचारू नका. मला कुणी विचारून बनवलेले नाही.

सकाळी मी माणसे ओढत असे आणि दुपारी सिमेंट. दोन्ही गाड्या मला सारख्याच जड वाटत. फरक इतकाच, की उशीर झाला तर सिमेंट खिडकीतून डोके काढून "काय झालं हो?" असे विचारत नाही. माझे कौतुकही होई. मी फाटक ओलांडले की आजूबाजूचे लोक घड्याळ लावत. मला रोज पाच मिनिटे उशीर व्हायचा, पण सगळ्यांचीच घड्याळे पाच मिनिटे मागे असल्यामुळे कुणाचे काही अडले नाही.

माझे रूळ अरुंद होते. दोन रुळांमध्ये एक लहान खाट मावेल, एवढेच अंतर. पुढे वरून ठरले की सगळे रूळ रुंद करायचे, म्हणजे मोठ्या गाड्या सगळीकडे जातील. चांगली गोष्ट होती. त्याच सुमारास माझी एक मोटार जळाली आणि मला दुरुस्तीसाठी शेडमध्ये आणले. माझी चाके काढून बाजूला ठेवली होती, आणि बाहेर रूळवाल्यांची टोळी एकेक पट्टा उखडत, रुंद करत, शेडच्या दिशेने येत होती. मला घणांचा आवाज रोज जवळ येताना ऐकू येई.

टोळी दारापाशी आली आणि थांबली. दाराच्या बाहेरचे रूळ त्यांच्या खात्याचे होते. दाराच्या आतले रूळ दुसऱ्या खात्याचे. त्यांनी घाम पुसला, पाणी प्यायले आणि काम पूर्ण झाल्याचे कळवून टाकले. महिनाभराने माझी दुरुस्तीही पूर्ण झाली. मला चाकांवर ठेवले, धुतले, पुसले. ड्रायव्हर वर चढला, दारापर्यंत आला आणि त्याने ब्रेक लावला. माझे अरुंद रूळ उंबरठ्यावर संपत होते. तिथून हातभर पुढे नवे कोरे रुंद रूळ सुरू होत होते. तो म्हणाला, "अरे, हे राहिलंच की!"

'हे' म्हणजे मी.

माझी भावंडे आधीच दूरच्या, अजून अरुंद असलेल्या लाइनींवर रवाना झाली होती. मलाही पाठवायचे होते, म्हणून क्रेन बोलावली. क्रेन मला सहज उचलू शकली असती, पण मध्ये शेडचे छप्पर होते. छप्पर काढायची परवानगी मागितली. उत्तर आले: छप्पर काढण्यापूर्वी आतील सामान बाहेर हलवावे. आतले सामान म्हणजे पुन्हा मीच. क्रेन चार दिवस उभी राहिली आणि निघून गेली.

तो ड्रायव्हर माझ्याबरोबरच राहिला. शेडमध्ये सगळे त्याला काका म्हणत. काकांची सून त्याच शेडमध्ये विजेचे काम करायची. तिला सगळे वायरताई म्हणत. घरी सासरे मोठे, शेडमध्ये सून मोठी, अशी त्यांची वाटणी होती. चालू इंजिन भंगारात काढायचे नाही, असा एक नियम आहे. म्हणून मी चालू आहे हे दिसावे यासाठी काका मला रोज सकाळी चालवत. मागच्या भिंतीपासून दारापर्यंत, आणि दारापासून भिंतीपर्यंत. पूर्ण गणवेशात.

"बाबा, डबा घरीच विसरलात ना?" वायरताई खालून ओरडायची.

"पोरी, गाडी सुटताना घरचं काढू नये."

"सुटतेय कुठे? दारापर्यंत तर जातेय!"

"सुटते ती सुटते. बाजूला हो, दिसत नाही मला."

झाडूवाल्या मावशी रोज माझ्यातून प्रवास करत. त्यांना दारापासून मागच्या कोपऱ्यापर्यंत जायचे असे आणि त्यांचा गुडघा दुखत असे. उतरताना त्या काकांना म्हणत, "आज जरा हळू नेलंत." काका म्हणत, "लाइन क्लिअर नव्हती."

सगळे हसत. मीही हसले असते. पण मित्रांनो, धावण्यासाठी बनलेल्या वस्तूला दारापर्यंत नेऊन मागे फिरवणे म्हणजे काय, ते ऐका. दारात माझ्या नाकावर ऊन पडायचे. फक्त नाकावर. समोरून मोठ्या गाड्या जायच्या, त्यांच्या वाऱ्याने माझ्या अंगावरची धूळ हलायची, आणि नेमके तेव्हाच काका मला मागे घ्यायचे. माझा धूर छपराला लागून परत माझ्याच अंगावर उतरे. माझ्यात इतकी ताकद होती की अख्खी मालगाडी घाटावर चढवावी. ती मी मावशींना कोपऱ्यात सोडण्यासाठी वापरत होते. हळूहळू मला दारापेक्षा भिंत बरी वाटू लागली. भिंत निदान आशा दाखवत नाही.

मग नवे साहेब आले आणि त्यांच्या मागोमाग नवा हुकूम. जे इंजिन शेडच्या बाहेर पडत नाही, ते चालू धरायचे नाही. महिनाअखेरीला गॅसकटर येणार होता. तो आधी माझे नाक कापणार, असे मला फिटर लोकांच्या बोलण्यातून कळले. नाकापासून सुरुवात करणे सोपे जाते म्हणे.

वाचायचा एकच मार्ग होता. यार्डाच्या पलीकडे दगडाच्या खाणीची एक जुनी लाइन अजून अरुंद होती आणि तिथले इंजिन बंद पडले होते. खाणवाले मला आनंदाने घ्यायला तयार होते. फक्त मध्ये सगळे यार्ड होते, आणि यार्डाच्या शेवटी मोठ्या गाड्यांची मेन लाइन.

साहेबांनी माझ्या शेजारीच बैठक घेतली. काका, वायरताई आणि रूळवाल्या टोळीचा मुकादम एवढेच हजर होते. मुकादम अंगाने काडीसारखा होता, म्हणून सगळे त्याला पहिलवान म्हणत.

"साहेब, इथून खाणीपर्यंत अरुंद रूळ टाका ना," वायरताई म्हणाली.

"हो का? आणि रूळ आणू कुठून?" साहेब चिडले. "अरुंद रूळ आता बनतात तरी का? की एक काम करू? याच्या मागचे रूळ काढू आणि याच्याच पुढे टाकू! हे पुढे सरकलं की परत मागचे काढू, परत पुढे टाकू! असंच नेऊ खाणीपर्यंत! काय?"

कुणीच हसले नाही. पहिलवानाने मान डोलावली.

"टाकतो साहेब. कधीपासून?"

बोललेले मागे घेणे साहेबांच्या स्वभावात नव्हते. ते गंभीरपणे म्हणाले, "सोमवारपासून."

आणि खरोखर तसे झाले. दाराबाहेरचे रुंद रूळ एका बाजूला सरकवले. टोळीने माझ्या मागच्या भिंतीजवळचा रुळांचा तुकडा उखडला, खांद्यावर घेऊन माझ्या बाजूने पुढे नेला आणि उंबरठ्याबाहेर जमिनीवर बसवला. काकांनी मला तेवढेच पुढे घेतले. पुन्हा मागचा तुकडा पुढे. आता मागे फिरायची सोय नव्हती. मागे रूळच उरत नव्हते. इतकी वर्षे खोलीत कोंडलेले मी, आता एका चटईएवढ्या रुळावर कोंडले गेले होते आणि ती चटई चालत होती.

शनिवारी संध्याकाळी मी निम्मे आत आणि निम्मे बाहेर होते. रविवारी टोळीची सुट्टी. दारवान आला आणि त्याने दार माझ्या दोन्ही कुशींना टेकेपर्यंत लोटले, दोन्ही दारांना माझ्या नाकावरून दोरी बांधली आणि दोरीला कुलूप लावले.

"अहो, हे काय?" वायरताईने विचारले.

"दार बंद करायचं असतं, ताई. मी केलं."

मेन लाइनपाशी पोहोचेपर्यंत महिना संपत आला होता. तिथे माझे रूळ मोठ्या रुळांवरून आडवे न्यायचे होते. खाली स्लीपर, म्हणजे रुळांखाली घालतात ते लाकडी ओंडके, रचून पूल करायचा आणि त्यावरून मी जायचे. त्यासाठी गाड्या थांबवून एक दुपार मिळाली. वाहतूक अधिकाऱ्याने साहेबांना फोनवर बजावले, "संध्याकाळची एक्स्प्रेस यायच्या आत लाइन मोकळी पाहिजे. नाहीतर कटर तिथेच पाठवतो आणि जिथे असेल तिथे तुकडे करतो."

मी मेन लाइनच्या बरोबर मधोमध पोहोचले तेव्हा टोळीचे खांदे गेले होते. दिवसभर रूळ वाहून माणसे खाली बसली होती. एक्स्प्रेस येऊन सिग्नलला उभी राहिली. तिचे नवे, रुंद, चकचकीत इंजिन माझ्याकडे बघत होते. मी जन्मात इतके उघड्यावर उभे राहिले नव्हते. शेडमध्ये निदान मी कुणाच्या वाटेत नव्हते. यार्डाच्या फाटकातून कटरवाल्यांची गाडी आत शिरताना मला दिसली.

काका कॅबमधून उतरले आणि त्यांनी स्लीपरचे एक टोक धरले. "बाबा, कंबर!" वायरताई ओरडली आणि तिने दुसरे टोक धरले. मग साहेबांनी घड्याळ काढून खिशात ठेवले आणि तेही वाकले. तरी माणसे कमीच पडत होती.

तेवढ्यात एक्स्प्रेसमधून एक जाडगेले गृहस्थ खाली उतरले. "काय, अडलंय काय?"

"चार तुकडे पुढे टाकायचेत," पहिलवान बसल्या जागेवरून म्हणाला. "की हे गेलं, तुम्ही गेलात."

"चारच ना? मग तिकडे बसून काय करताय? धरा!"

"अहो, तुमची पाठ!" खिडकीतून त्यांच्या बायकोचा आवाज आला.

"पाठीचं नंतर बघू, आपल्याला सातला पोचायचंय! मेहुण्यालाही पाठव खाली, नुसता झोपलाय!"

मेहुणा उतरला. त्याच्यामागून डब्यातले निम्मे लोक उतरले. कुणी माझ्या प्रेमाने आले नव्हते, प्रत्येकाला उशीर होत होता. पण रूळ उचलणाऱ्याचे मन कसे आहे हे रुळाला कळत नाही. पहिलवान "हो… हय्या" म्हणे आणि परीटघडीच्या कपड्यातली माणसे माझ्या मागचा रूळ माझ्यापुढे नेऊन ठेवत, आणि काका कॅबमध्ये चढून मला तेवढेच पुढे घेत. एक बाई सगळ्यांना पाणी पाजत होत्या आणि "डावीकडून, डावीकडून" असे उजवीकडे बोट दाखवून सांगत होत्या.

कटरवाले येऊन उभे राहिले. त्यांच्या म्होरक्याने नळी खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "कुठून सुरू करू?"

"त्या टोकाला धर," साहेब धापा टाकत म्हणाले.

त्याने नळी खाली ठेवली आणि टोक धरले.

शेवटचा तुकडा खाणीच्या लाइनला भिडला. काकांनी मला सोडले. पुढची चाके खाणीच्या रुळांवर गेली, मग मधली, मग मागची. पूल उखडला गेला, एक्स्प्रेसला सिग्नल मिळाला आणि लोक एकमेकांना न ओळखल्यासारखे आपापल्या डब्यात जाऊन बसले. काका थांबले नाहीत. दारापर्यंत नेऊन मागे घ्यायची त्यांच्या हाताला सवय होती. तो हात मागे घ्यायच्या खटक्यावर गेला आणि पुन्हा पुढे आला. पुढे रूळ होते. मग आणखी होते. काका खिडकीतून खाली वायरताईला मोठ्याने म्हणाले, "अगं पोरी, संपतच नाहीत की!"

आता मी दगड ओढते. लाइन फार लांब नाही; एका टोकाला खाण, दुसऱ्या टोकाला दगड उतरवायचा धक्का. कुणी म्हणेल की ही जरा मोठी खोली झाली. असेल. पण हिला छप्पर नाही, आणि माझा धूर वर जातो तो परत येत नाही. साहेब पाहुण्यांना अजून सांगतात की ती कल्पना त्यांची होती. गंमत म्हणजे ते खरे आहे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुम्ही रस्ते रुंद कराल, जुनी घरे पाडाल, नवी शाळा बांधाल, घरातली अडगळ आवराल. जरूर करा. फक्त शेवटचा दगड बसवण्याआधी आत डोकावून मोठ्याने विचारा, "कुणी राहिलंय का?" आणि विचारून लगेच निघून जाऊ नका, थोडे थांबा. माझ्यासारख्यांचा हॉर्न हवेवर वाजतो, आणि बराच काळ बंद राहिल्यावर हवा भरायला वेळ लागतो.