राधिकाची जागा

"मंग बदल्यात त्याईले काय पायजे?" नरहर देवतळ्यांनी पुन्हा विचारलं.

राधिकाने कपाळाला हात लावला. "काही नाही बाबा. काम करायचं. औषधांवर संशोधन. पाच वर्षं."

"फी?"

"माफ."

"राहाचं?"

"होस्टेल आहे."

"अन् वरून दर महिन्याले पैसे बी देतीन?"

"उसी को फेलोशिप कहते हैं, बाबा!" राधिका चिडली की हिंदीत शिरायची.

"फुकटात कोण देते बापा?" नरहरराव पानातल्या भाजीकडे बघत म्हणाले. भाजीवरही त्यांचा फारसा भरवसा नसावा.

आतून राधिकाची आई शांताबाई कडाडल्या, "पोट्टी साऱ्या देशातल्या पोरांसंगं परीक्षा देऊन पास झाली, म्हणून देऊन राहिले. तुमच्या पोटात काहून दुखून राहिलं?"

पोटात दुखत नव्हतं, संशय होता. नरहरराव रायपुरात गुढियारीच्या मालधक्क्यावर रेल्वेचे कारकून होते आणि त्यांची सगळी हयात व्यापाऱ्यांच्या थापा ऐकण्यात गेली होती. साखरेची पोती भिजून आली, गोणी फाटली, वजन भरत नाही! खरं कोण आणि लबाड कोण हे ओळखायची त्यांची एक युक्ती होती. व्यापारी फार गळ्यात पडला की ते शांतपणे म्हणायचे, "राहू द्या शेठ, माल परत पाठवून देतो." लबाड माणूस गडबडायचा, हातापाया पडायचा, चहा मागवायचा. खरा माणूस म्हणायचा, पाठवा. ही युक्ती एवढी हमखास होती की नरहररावांनी ती घरीही आणली. एकदा दुधात पाणी असल्याच्या संशयावरून त्यांनी दूधवाल्याला सांगून पाहिलं, उद्यापासून दूध नको. दूधवाला खरा निघाला आणि दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. घरादाराने महिनाभर काळा चहा प्यायला. राधिका तेव्हा शाळेत होती. तिने ही गोष्ट मैत्रिणींत रंगवून रंगवून सांगितली.

पण संशयाचं मूळ मालधक्क्यावर नव्हतं. ते थोरल्या मुलापाशी, सुशीलपाशी होतं. छत्तीसगड राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं आणि गावात दुकानांच्या वरच्या मजल्यांवर विद्यापीठांच्या पाट्या लागल्या. बूढापारा भागात साड्यांच्या एका दुकानावर दोन खोल्यांचं एक विद्यापीठ होतं. नरहररावांनी स्वतः पेढे घेऊन सुशीलला तिथे पोचवलं. थोड्याच काळात पाटी उतरली आणि सुशीलच्या हाती ओळखपत्र तेवढं उरलं. आता तो सिलतऱ्याला स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्च्या लोखंडाच्या, कारखान्यात पाळीवर जातो आणि घरी आला की आधी नाक साफ करतो, काळं निघतं. त्याने बापाला कधी बोल लावला नाही. नरहररावांना तेच फार लागायचं. एका लेकराचं मातेरं झालं ते झालं. दुसऱ्याचं होऊ द्यायचं नाही, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

त्यात शेजारच्या बंडूने भर घातली. "भाऊ, नवी औषधं आधी पोट्ट्याइवरच करून पाह्यतात. म्हणून तं पैसे देतात."

राधिकाला सोमवारी रुजू व्हायचं होतं. गुरुवारी नरहररावांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घरी न सांगता शहराबाहेरची तिची संशोधन संस्था बघायला गेले. इमारत दुमजली होती, खाली साड्यांचं दुकान नव्हतं. फाटकावरच्या चौकीदाराने "किससे मिलना है, बाबूजी?" असं अदबीने विचारलं. नरहररावांचा संशय तरीही तसूभर हलला नाही. दोन खोल्या खोट्या असू शकतात तर दोन मजले का असू नयेत?

राधिकाच्या मार्गदर्शक देवयानी मॅडम पुण्याहून आलेल्या होत्या. त्यांनी नरहररावांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि काम समजावून सांगितलं. सिकलसेलमध्ये रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नसांत अडकतात, लेकरं दुखण्याने तळमळतात. "तुमच्याकडे विदर्भात आहे, इथे छत्तीसगडमध्ये तर फारच. एकच औषध काही मुलांना लागू पडतं, काहींना नाही. का, ते राधिका शोधणार आहे."

"रक्त कोनाचं घेता?"

"रुग्णांचं. त्यांना विचारून."

"अन् शिकनाऱ्या पोट्ट्याइचं?"

मॅडम हसल्या. नरहररावांना ते हसणं ओळखीचं वाटलं. भिजलेल्या साखरेचे व्यापारी असेच हसायचे. इतका गोडवा, इतकी खुर्ची, इतकं पाणी, आणि तेही एका कारकुनाला! त्यांनी घसा साफ केला आणि आपली हमखास युक्ती काढली.

"तसं पाह्यलं मॅडम, तं पोट्टीचं लगन जुळून राहिलं. ती काई येत नाई आता. तुमी दुसरं कोनी पाहून घ्या."

एवढं बोलून ते खुर्चीत मागे टेकले आणि मॅडम कशा गडबडतात ते बघू लागले.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बरं झालं, आधीच सांगितलंत. भिलाईचा एक मुलगा या जागेसाठी थांबलेला आहे. त्याला आजच कळवते."

ना विनवणी, ना चहा. नरहररावांच्या अंगावर आनंदाने काटा आला. खरं आहे! पाटी खरी आहे, मॅडम खऱ्या आहेत, पैसेही खरे आहेत, आणि आपली पोरगी खरोखरच एवढी मोठी झाली आहे! त्यांना तिथल्या तिथे पेढे वाटावेसे वाटले. तेवढ्यात मॅडमनी फोन उचलला आणि नरहररावांना दूधवाला आठवला.

"थांबा, थांबा मॅडम!" ते धडपडत उठले. "मी खोटं बोललो. लगन-बिगन काई नाई."

मॅडमचा हात थांबला, पण चेहरा बदलला होता. "देवतळे, माझ्या दोन विद्यार्थिनी मधेच लग्न होऊन गेल्या. दोघींचेही वडील शेवटच्या दिवसापर्यंत हेच म्हणत होते, लग्नाचं काही नाही हो. तुमचं मघाचं खरं धरू की आत्ताचं?"

"अवो, तुमाले पारखून पाह्यत होतो मी."

"मला?"

नरहररावांनी साखरेची पोती सांगितली, माल परत पाठवायचं सांगितलं. बोलता बोलता त्यांना स्वतःलाच ते सगळं बनावट वाटू लागलं. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि राधिकाला फोन लावून तो दोघांच्या मधे टेबलावर ठेवला.

"राधिका, तुझे वडील माझ्यासमोर बसले आहेत. तुझं लग्न जुळतंय, तू येणार नाहीस, असं म्हणाले. आता म्हणतात, ते खोटं होतं."

नरहरराव बोलायला गेले, पण मॅडमनी हात वर करून त्यांना थांबवलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ते वाट पाहत राहिले. आता पोट्टी हसेल. म्हणेल, मॅडम, आमच्या बाबांचा स्वभावच तसा आहे, त्यांनी आमचं दूधसुद्धा बंद केलं होतं.

राधिका हसली नाही.

"लड़का कौन है, मैडम?" तिने थेट मॅडमनाच विचारलं. "मुझसे किसी ने पूछा तक नहीं. बाबा को जो बोलना है, बोलने दीजिए. मैं सोमवार को आ रही हूँ. घर से निकाल दें, तो भी आऊँगी."

नरहररावांनी आजवर लेकीला एक टपली मारली नव्हती. घरातून काढण्याची गोष्ट तिच्या मनात आली तरी कशी, हेच त्यांना कळेना. मॅडमनी फोन बंद केला. "जागा तिचीच राहील," त्या म्हणाल्या. या वेळी त्या हसल्या नाहीत आणि नरहररावही त्यांच्याकडे बघू शकले नाहीत.

घरी शांताबाईंनी त्यांना उभं-आडवं घेतलं. आज त्यांना सगळं कबूल होतं. राधिका मात्र भिंतीला टेकून उभी होती.

"कोनी पोट्टा नाई, वं माय," ते तिला म्हणाले. "मी त्या मॅडमले पारखून पाह्यत होतो. तुह्या भल्यासाठी."

"अन् आता?" राधिकाने विचारलं. "हे मले खरं सांगून राहिले, का मलेच पारखून राहिले?"

नरहररावांनी देवाची शपथ घेतली, शांताबाईंच्या डोक्यावर हात ठेवला. राधिकाने मान हलवली. मालधक्क्यावर समोरच्याचा एक शब्दही पटलेला नसला की नरहरराव जशी हलवायचे, अगदी तशी.

सोमवारी सकाळी तिची बॅग भरून झाली. आईने दिलेला चिवड्याचा डबा तिने वर ठेवला, रुजू होताना दाखवायच्या मार्कलिस्टांची पिशवी तळाशी घातली, चेन ओढली आणि चेनच्या दोन कड्यांत एक लहानसं नवं कुलूप अडकवलं. किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. देवतळ्यांच्या दोन खोल्यांच्या घरात आजवर कोणी आपल्या माणसांपासून काही कुलपात ठेवलं नव्हतं. शांताबाईंनी बघितलं आणि त्या आत निघून गेल्या.

ऑटो गल्लीच्या तोंडाशी थांबला होता. नरहररावांनी बॅग उचलली.

"राहू द्या, बाबा. मी घेते."

"जड आहे, माय," ते म्हणाले आणि चालू लागले. राधिका मागून येत होती. चार पावलं गेल्यावर ते थांबले, तिला पुढे येऊ दिलं आणि मग तिच्या बाजूने चालले. बॅग त्यांनी दोन्ही हातांनी पुढे धरली होती, तिला सारखी दिसत राहील अशी.