गॅलरीतली शेगडी

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी व्यंकटराव चाकूरहून नांदेडला लेकीकडे आले ते एक पोतं आणि दोन पिशव्या घेऊन. पोत्यात घरच्या शेतातली ज्वारी आणि तुरीची डाळ होती. एका पिशवीत कपडे होते. दुसरी पिशवी पुनमनं उघडली आणि कपाळाला हात लावला. आत एका बर्नरची बारकी गॅस शेगडी, पितळी पातेलं, गाळणं, सांडशी, चहापत्तीचा डबा, साखरेचा डबा आणि निळ्या काठाची एक बशी, कपाशिवाय. हे सगळं तिच्या आईनं, साखराबाईनं, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळून दिलं होतं. राहिली होती ती गॅसची टाकी. ती व्यंकटरावांनी दुसऱ्याच दिवशी बाजारातून आणली.

लेकीच्या घरी नातवंड होईपर्यंत बापानं पाणीसुद्धा पिऊ नये, हा नियम त्या भागात अजून कुणी विसरलेलं नाही. लोक त्यातून पळवाटा तेवढ्या काढतात. व्यंकटरावांनीही काढली होती. ज्वारी आपली, डाळ आपली, म्हणून पुनमच्या हातची भाकरी ते जेवत. पिठात पाणी कुणाच्या नळाचं पडतं हे त्यांनी विचारलं नाही आणि पुनमनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भाकरीही बंद झाली असती. चहाच्या बाबतीत मात्र तेवढीही सूट नव्हती. पत्ती आपली, साखर आपली, दुधाची पिशवी आपण आणलेली, पाणी विकतच्या जारचं, आणि शेगडीही आपलीच.

पुनमच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. तो नियम तोंडानं कुणीच बोलत नव्हतं, पण सकाळी साडेपाचला गॅलरीत शेगडीचा खटका वाजला की तिला तो पुन्हा ऐकू यायचा. तिला बापाकडून एवढंच हवं होतं, की त्यांनी तिच्या ओट्यावरचा एक कप चहा प्यावा. मूल असो, नसो.

दोनच दिवसांत गॅलरीचं रूप पालटलं. जावई आदिनाथ हायस्कुलात गणित शिकवायचा आणि घरात कुणाचीच बाजू घ्यायचा नाही. त्यानं शेजाऱ्याचं ड्रिल मशीन आणून सासऱ्यांना फळी ठोकून दिली. फळीखाली खिळे, एका खिळ्याला गाळणं, दुसऱ्याला सांडशी. बसायला पाट, आणि गुडघे दुखतात म्हणून पाटाखाली चार विटा. वाऱ्यानं आच हलते म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा वाकवून शेगडीला आडोसा. ऑपरेशननंतर चार दिवस धड दिसणार नाही, म्हणून साखरेच्या डब्याला सुतळीच्या दोन गाठी आणि पत्तीच्या डब्याला एक, नुसतं चाचपून कळावं म्हणून. माणूस घर बांधताना एवढा विचार करत नाही.

समोरच्या शिवगंगाबाई चौकशीला म्हणून आल्या, दोन बश्या चहा प्यायल्या आणि असा चहा नांदेडात मिळत नाही असं सांगून गेल्या. मग आदिनाथही शाळेत जायच्या आधी गॅलरीत टेकू लागला. पुनमनं डोळे वटारले तेव्हा तो म्हणाला, सासऱ्याच्या घरचा चहा जावयाला चालतो. आठवडाभरात पुनमचा चहा पिणारी घरात एकटी पुनमच उरली.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी बजावलं, पंधरा दिवस डोळ्याला हात लावायचा नाही आणि आच, वाफ यांच्या जवळ जायचं नाही. पुनमला मनातून बरं वाटलं. आता तरी शेगडी थंड होईल. आदिनाथ म्हणाला, मी करून देतो की गॅलरीत. पण जावयानं राबायचं आणि सासऱ्यानं बसून प्यायचं म्हणजे व्यंकटरावांच्या लेखी अधर्म. मग त्यांनी पुनमला सांगितलं, माझ्या शेगडीवर तू कर. पुनमनं साफ नकार दिला. चहा होईल तर तिच्या ओट्यावर, तिच्या साखरेचा, नाहीतर होणार नाही. खाण तशी माती.

व्यंकटराव म्हणाले, ऱ्हाऊ दे मग.

दिवसातून चार वेळा चहा लागणारा माणूस तीन दिवस चहावाचून बसला. डोकं दुखायला लागलं तसं त्यांनी कपाळाला टॉवेल आवळला आणि भिंतीकडे तोंड करून पडले. पुनम कामं करताना भांडी आपटत होती. आपण म्हाताऱ्या माणसाला छळतोय हे तिला कळत होतं आणि त्यानं तिचा संताप आणखीच वाढत होता. आईला फोन केला तर आई म्हणाली, त्यांचं त्यांना करू दे, तू नको मधी पडू.

चौथ्या दिवशी दुपारी खटका वाजला. पुनम धावली. डोळ्यांवर हिरवं फडकं, कपाळाला टॉवेल, आणि व्यंकटराव पाटावर बसून गाठी चाचपत होते. पातेल्याची वाफ सरळ तोंडावर येत होती. तिनं शेगडी बंद केली आणि इतके दिवस गिळलेलं सगळं बाहेर आलं.

"डोळा गेला तरी चालंल, पर लेकीचा चहा नको. एवढी मी वांझोटी म्हणून टोचून राहिले का तुमाला?"

व्यंकटरावांचा हात डब्यावरच राहिला. "पेलोय मी," ते म्हणाले, "तुझ्या घरचा चहा. एकदा."

"कवा?"

"पयल्या आखाडाला तुला न्यायला आलतो. तुझ्या सासूनं कप हातात दिला. इहीनबाई पडली, नको म्हनता आलं न्हाई. सगळा पेलो. घरी गेल्यावर तुझी माय म्हनली, हे काय केलंत. लेकीची ओटी भरायच्या आधीच पेलात." त्यांचं बोट सुतळीच्या गाठीवर फिरत राहिलं. "आठ वर्सं झाली. रोज वाटतं, तेवढा कप खाली ठिवला असता तर."

पुनम गॅलरीच्या उंबऱ्यावर बसली. हा माणूस आपल्याला हिणवतोय म्हणून ती दोन आठवडे जळत होती, आणि तो आठ वर्षं स्वतःलाच आरोपी करून बसला होता. तिला त्याची कीव आली आणि रागही तेवढाच आला.

"माझ्या पोटाचं खापर तुमी कपावर फोडून राहिलात, अप्पा?" ती म्हणाली. मग जे आदिनाथच्या आईलाही सांगितलं नव्हतं ते तिनं सांगितलं. "डॉक्टरनं दिवाळीच्या आधीच सांगितलंय. आता होत न्हाई. तुमच्या चहाचा त्याच्याशी काई संबंध न्हाई. आमी दोघांनी ते सोडून दिलंय. मग तुमी कशाची वाट बघून राहिलात?"

पातेल्यातला चहा निवत होता.

पुनम उठून आत गेली. तिनं आपल्या ओट्यावर, आपल्या नळाच्या पाण्याचा चहा केला, कप भरला आणि बापाच्या हातात दिला. आता यांनी नको म्हटलं, तर उद्याच यांना चाकूरच्या गाडीत बसवायचं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

व्यंकटरावांनी चाचपून निळ्या काठाची बशी घेतली, चहा ओतला, फुंकर घातली आणि प्यायले. मग दुसरी बशी. मग तिसरी. कप रिकामा झाला तेव्हा हिरव्या फडक्याखालून पाणी गालावर उतरलं होतं आणि त्यांचा हात डोळ्याकडे चालला होता. पुनमनं मनगट धरलं.

"डोळ्याला हात लावू नका म्हणून किती बार सांगायचं?" असं म्हणत तिनं ओढणीच्या टोकानं नुसता गाल टिपला.

"पुनम," ते म्हणाले, "साखर टाकायची राहिली तुझी."

पुनमनं रिकाम्या कपाकडं पाहिलं. तिनं खरंच साखर टाकली नव्हती. तिचं डोकं पुन्हा तडकलं.

"मग पयल्या घोटाला सांगायचं न्हाई का? सगळा कप पेलात तसाच."

"सांगितलं असतं," व्यंकटराव म्हणाले, "तर तू कप माघारी नेला असतास."