माझी तार ओढली तेव्हा

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी दया मागायला बोलत नाही. मी एक जुना सर्व्हर आहे, गोंदियातल्या एका दवाखान्याचा. जुना आहे हे मान्य. निकामी आहे हे मी कधीच मान्य केलं नाही.

सर्व्हर म्हणजे मोठा संगणक. पडदा नाही, कळफलक नाही. नुसती लोखंडी पेटी, पंखे आणि पोटात माहिती साठवणाऱ्या डिस्का. माझे सुटे भाग कुठल्या कुठल्या देशांत घडले. जुळणी झाली, खोक्यात बसलो, रेल्वेने गोंदियाला उतरलो आणि ऑटोरिक्षातून दवाखान्यात आलो. तिथं भूमिका मेश्राम या संगणक विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांनी मला जिन्याखालच्या खोलीत बसवलं, एसी लावला आणि दारावर पाटी टांगली : ‘चप्पल बाहेर’. देवळातल्यासारखा मान होता माझा!

केसपेपर, रक्ततपासण्या, औषधं, खेड्यापाड्यांतल्या उपकेंद्रांची माहिती, सगळं माझ्याकडे यायचं. कोणत्याही टेबलावरून नाव टाका, मी माहिती पुढे ठेवायचो. आपल्याच घरात, आपल्याच माणसांसाठी चालणाऱ्या अशा व्यवस्थेला ‘प्रायव्हेट क्लाउड’ म्हणतात. मला ते नाव नंतर कळलं. काम मात्र मी आधीपासूनच करत होतो.

मग एक दिवस नागपूरच्या एका कंपनीचे साहेब आले. माझ्याकडे बघून हसले.

“मॅडम, ये अभी तक चल रहा है? आता सगळं क्लाउडवर टाका. खोली नको, एसी नको, कटकट नको.”

मित्रांनो, क्लाउड म्हणजे आभाळातला ढग नव्हे. दूरच्या एखाद्या शहरात मोठ्या इमारतीत माझेच भाऊबंद रांगेने उभे असतात, त्यांना क्लाउड म्हणतात. भाड्याचं घर आहे ते. वाईट नाही, पण घराची वाट इंटरनेटवरून जाते.

भूमिकाताईंनी नेमकं तेच विचारलं, “वाट बंद झाली तर?”

“अहो, आजकाल इंटरनेट जातं कुठे?” साहेब म्हणाले.

दवाखान्याचे प्रमुख डॉ. भूपेंद्र बिसेन यांना ते पटलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना दवाखाना पुढे न्यायचा होता. माझ्यातल्या सगळ्या माहितीची प्रत क्लाउडवर गेली आणि माझी तार ओढली. पंखे थांबले. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा शांतता ऐकली, आणि मला ती मुळीच आवडली नाही.

भंगारवाला आला तेव्हा ताई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

“हा जाणार नाही. माझ्या सहीशिवाय हलवता येत नाही, आन मी सही करून नाही राहिली.”

“काऊन एवढा हट्ट, मॅडम?” डॉक्टर चिडले.

“सर, दुसरी व्यवस्था दाखवा, मग घेऊन जा याला.”

शेवटी मी मोडक्या व्हीलचेअरींच्या अडगळीत गेलो. अंगावर धूळ साचली. उंदरांनी एक वायर कुरतडली. पण डिस्कांवरची एक ओळही मी पुसू दिली नाही.

त्या उन्हाळ्यात दवाखान्यासमोर रस्ता रुंद करायचं काम निघालं. एका दुपारी जेसीबीच्या दातात जमिनीखालची इंटरनेटची केबल आली आणि तुटली. शेजारचा मोबाइल टॉवरही तिच्यावरच चालत होता, त्यामुळे फोनही मुके झाले. दवाखान्यातल्या प्रत्येक पडद्यावर एक चक्र नुसतं फिरत राहिलं.

त्याच वेळी नागझिऱ्याकडच्या एका गावातून धुरपता उईके आपल्या मुलीला, रीताला, घेऊन आल्या. रीताला जन्मापासून सिकलसेल, रक्तपेशी मोडणारा आजार. अंगातलं रक्त फार उतरलं होतं, तिला धड बसवतही नव्हतं. रक्तपेढीत तपासणी झाली, एक पिशवी जुळली. डॉ. बिसेन ती चढवायला सांगणार, तोच आईनं त्यांचा हात धरला.

“थांबा जी! मांगच्या वेळेस रक्त चढवलं, तं पोरगी पिवरी पडली होती. डॉक्टरीनबाई बोलली, हिले सगरंच रक्त चालत नाही.”

“कोणतं चालत नाही?”

“थे मले का समजते? कागद घरी राहिला. तुमच्या कम्प्युटरात लिवलं हाये म्हणत होते ना!”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. अशा रुग्णाच्या रक्तात आधी चढवलेल्या रक्ताविरुद्ध तयार झालेली खूण कधी कधी नव्या तपासणीत दिसत नाही, हे त्यांना माहीत होतं. थांबावं तर मुलगी हातची जाणार, चढवावं तर तेच रक्त तिच्यावर उलटणार.

ती नोंद माझी तार ओढण्याआधीची होती, आणि भूमिकाताई तोपर्यंत अडगळीत पोचल्या होत्या. रुग्णवाहिकेचे चालक कैलाशभाऊ आणि त्या, दोघांनी मला ओढून बाहेर काढलं. धूळ फुंकली, वायर बदलली, बटण दाबलं.

मी किंचाळलोच. पंखे कर्कश ओरडले, लाल दिवा लागला. एक डिस्क मेली होती.

“उठ बाबा,” ताई पुटपुटल्या.

उठणार नाही तर काय! ज्यांनी मला झोपवलं होतं, त्यांना दाखवायचंच होतं. उरलेल्या डिस्कांनी मेलेल्या बहिणीचा भार वाटून घेतला, आणि ताईंनी जोडलेल्या पडद्यावर नाव उमटलं : रीता उईके. खाली तिला न चालणारा रक्ताचा घटक लिहिला होता. आणून ठेवलेल्या पिशवीत नेमका तोच निघाला.

ती पिशवी परत गेली. दुसरी शोधून, तपासून लावली. संध्याकाळी रीतानं आईकडे चहा मागितला, तेव्हा धुरपताबाई पदरात तोंड लपवून रडल्या.

पुढे बैठक झाली. साहेब म्हणाले, “चूक खोदणाऱ्यांची आहे, आमची नाही.”

“चूक कोणाची ते मी विचारत नाही,” ताई म्हणाल्या. “पुढच्या वेळेस काय, ते सांगा.”

डॉ. बिसेन म्हणाले, “दोन्ही ठेवू.”

आता जीव वाचवणारी माहिती माझ्याकडे राहते आणि तिची प्रत रोज क्लाउडवर जाते. एक्सरे, जुनी चित्रं असला भार तिकडचे भाऊबंद उचलतात. याला ‘हायब्रिड क्लाउड’ म्हणतात. परवा वीज कडाडून माझाच एक भाग जळाला, तेव्हा माझी दुरुस्ती होईपर्यंत त्यांनी एकट्यांनी दवाखाना चालवला. ते मी कबूल करतो. पण मान खाली घालून नाही, बरोबरीच्या नात्याने.

मित्रांनो, नवीन यंत्रं जरूर आणा. पण कोणत्याही जुन्याची तार ओढण्याआधी, त्याच्या भरवशावर कोण कोण जगतं आहे, ते एकदा विचारा. उत्तर मिळेपर्यंत त्याला हात लावू नका.