धरून ठेवलेली तार

तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसला तर माझीच पंचाईत. पण गेलेल्या माणसाने साडेतीन तास मला उत्तरं दिली आणि ती मी या डोळ्यांनी वाचली.

रविवारी जेवणं आटोपल्यावर मी अशी सुरुवात केली, तेव्हा बायको म्हणाली की गेल्या वर्षी दीडच तास होता. मी तिकडे काणाडोळा केला. समोर पुतणी बसली होती, थोरल्या भावाची एकुलती एक. दादा गेला तेव्हा सहा वर्षांची होती.

दादा टेकडीवरच्या जलशुद्धीकरण केंद्रात ऑपरेटर, मी खाली नियंत्रण कक्षात. मधे चार किलोमीटर केबल, दोन्ही टोकांना एकेक संगणक. माझ्या बाजूला केबल जिथे जोडलेली त्या सिरीयल पोर्टचा ड्रायव्हर, म्हणजे अक्षरं तारेवर सोडणारा प्रोग्राम, मीच लिहिलेला, त्यामुळे मान जरा ताठच असायची.

वरचं यंत्र कामात गुंतलं की कुणाला जुमानायचं नाही. म्हणून रोज बाराला मी ब्रेक पाठवायचो. ब्रेक म्हणजे अक्षर नव्हे. अक्षर जाताना तार, म्हणजे तिच्यातली वीज, क्षणभर उलटते आणि लगेच सरळ होते. ब्रेकसाठी ती पाव सेकंद उलटीच धरून ठेवायची. एवढं लांब कुठलंच अक्षर नसतं, त्यामुळे पलीकडचं यंत्र दचकतं, हातातलं टाकून कान देतं. ड्रायव्हरने आधीची अक्षरं जाऊ द्यायची, तार धरायची, पाव सेकंद मोजायचा, सोडायची. ब्रेक पोचला की दादा वरून इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा : ऐकतोय. दोघा भावांची तेवढीच रोजची ख्यालीखुशाली.

त्या दिवशी बाराला ड्रायव्हरने तार धरली आणि त्याचा मोजणारा भागच कोसळला. मग सोडणार कोण? मला पत्ताही नाही, कारण येणारी तार वेगळी, आणि तिच्यावर 'ऐकतोय' व्यवस्थित आलं. बारा दहाला माझ्या पॅनेलवर क्लोरीनचा दिवा लाल झाला. वीस वर्षं त्या वासात काढून दादाचं नाक कामातून गेलेलं. फोन दोन दिवस बंद. मी गाडी पिटाळली आणि टाइप केलं : दादा, गॅस सुटलाय, बाहेर पड.

साडेबाराला माणसं पोचली. दादा खुर्चीत नव्हता, दाराबाहेर तिसऱ्या पायरीवर पडलेला होता. म्हणजे वाचून उठला होता. वहिनींना मी तेच सांगितलं, की त्याला हाक मारलेली होती, तो एकटा नव्हता. त्या शेवटपर्यंत या वाक्यावर जगल्या.

आता खरी गोष्ट. दादाला खाली आणला, वरच्या खोलीला कुलूप लागलं. मी टेबलाशी सुन्न बसलो होतो. पडद्यावर अक्षरं उमटली : ऐकतोय. पाव तासाने पुन्हा. दादा एका बोटाने टाइप करायचा आणि 'ऐक'पाशी अडखळायचा. तोच अडखळा, तेवढाच. साहेब म्हणाले, यंत्र अडकलं असेल, आणि खुर्ची मागे सरकवून बसले. तीन वाजून गेले, तरी चालूच. चारला शेवटचं आलं : ऐकतोय, काहीतरी बोल.

तेव्हा कुठे मी पोर्ट तपासला. तार बारापासून धरलेलीच होती. मी सोडली, आणि वरचं बोलणं कायमचं थांबलं.

कुणी हसलं नाही. सूनबाईने उगाच खिडकी लावून घेतली. पुतणी मात्र माझ्याकडेच बघत होती.

"काका, तार धरलेली असताना अक्षर जातं?"

"छे. ड्रायव्हर ते रांगेत ठेवतो. तार सुटली की पाठवतो," मी ऐटीत सांगून मोकळा झालो.

चहा ठेवायला उठलेली बायको दारातच थांबली.

"आणि तार बारापासून धरलेली होती," पुतणी म्हणाली.

मी म्हटलं, बारा काय नि साडेबारा काय, इतक्या वर्षांनी नेमकं कोण सांगणार.

"कुलपाआडची अक्षरं खोटी असली तरी मला चालतील," ती शांतपणे म्हणाली. "पण हाक मारल्याचं खोटं होतं, काका. बाबा आपले आपणच उठले होते."