द्रावणात राहिलेली नळी

मी हृदय तपासणारी एक जुनी नळी आहे. मित्रांनो, छातीवर फिरवतात तो प्रोब वेगळा. मी रुग्णाच्या घशातून अन्ननलिकेत उतरते आणि हृदय मागच्या बाजूने, अगदी जवळून दाखवते.

मला चिकलठाण्याच्या एका रुग्णालयात आणले डॉक्टर पद्मजांनी. हृदयाच्या सोनोग्राफीची फेलोशिप, म्हणजे डॉक्टरांसाठीचे विशेष प्रशिक्षण, कॅनडात करून त्या परतल्या आणि तेच इथे सुरू केले. पहिली विद्यार्थिनी मुकुंदवाडीची हृदयरोगतज्ज्ञ तनुजा. पुढच्या वर्षी काठमांडूहून एक डॉक्टर येणार होते.

सुरुवातीला तनुजा मला घशात सोडताना बिचकायची. झडपेचा आजार असलेल्या मनकर्णाबाईंनी मला पाहून विचारले, "एवढी जाड गिळायची व्हय?"

"गिळा मावशी, मी हळूच सोडते."

"सोड. सासूचं बोलणं गिळलं, ही काय लई मोठी नाय!"

पद्मजा हसल्या आणि तनुजाने मला अलगद आत सोडले.

तपासणीनंतर मला जंतुनाशक द्रावणात बुडवत, ठरल्या वेळी काढून भरपूर पाण्याने धूत. त्या वर्षी दुष्काळ पडला, रुग्णालयाला पाणी टँकरने येऊ लागले. पण जालना रस्त्यालगत नव्या इमारती चढत होत्या आणि टँकर आधी तिकडे वळत. एका दुपारी मी द्रावणात असताना नळ कोरडा पडला.

"टँकर निघालाय म्हणतेत, मॅडम," वॉर्डातला कडुबा म्हणाला.

"मग बुडलेलीच राहू दे. न धुता काढली तर औषध वाळेल, पुढच्या पेशंटचा घसा पोळेल," तनुजा म्हणाली.

टँकर दुसऱ्या दिवशी आला. तोवर माझे आवरण सुजून तडकले होते. तडकलेली नळी घशात घालता येत नाही. आतल्या तारांमधल्या विजेचा झटका रुग्णाला बसू शकतो. दुरुस्ती झाली नाही आणि नवी नळी मंजूर झाली नाही. फेलोशिप बंद पडली. काठमांडूला नकार कळवला. पद्मजा पुन्हा कॅनडाला गेल्या. तनुजाचे शिक्षण अर्धेच राहिले.

काही महिन्यांनी मनकर्णाबाई धापा टाकत आल्या. "कुठंय तुझी नळी? आता भ्या नाय वाटत."

"मावशी, पुण्याला जावं लागेल."

"पुण्याला? मग ऱ्हाऊ दे." भिंतीला हात टेकत त्या निघून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

आता मी कपाटात आहे. मित्रांनो, आम्हाला वेळेवर बुडवा, वेळेवर काढा, नीट धुवा. तनुजाला हे सारे तोंडपाठ होते. तरी सांगते, कारण दुसरे सांगण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. धुवायला पाणी कुठून आणायचे, ते मला ठाऊक नाही.